रेडिएटरमधील पाणी कोठे जाते?

मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतात वापसा येतो, तो थोड्या दिवसांपुरताच. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर तापून बांधावर उभा राहिला म्हणजे पेरणी लांबते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याचे दार गाठावे लागते. चौकशी करता बहुधा असे आढळते की, इंजिन एकाएकी बिघडलेले नसते. कित्येक आठवडे त्याच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले जात होते. या नित्यक्रमास पुष्कळ शेतकरी निगा समजतात. वस्तुतः ती निगा नव्हे, दुरुस्ती पुढे ढकलण्याची रीत आहे.

दाबाचे झाकण असलेल्या रेडिएटरमधील पाणी महिनोन्महिने फारसे घटू नये. घटत असेल तर ते कोठेतरी जात आहे, हे निश्चित. झाकणाचे रबर झिजले असेल तर पाणी वाफेच्या रूपाने तेथूनच जाते. साधारण १०० अंशांस उकळणारे पाणी एक किलो जादा दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब टिकला नाही तर हा लाभ नाहीसा होतो. तेव्हा सर्वांत स्वस्त भाग प्रथम तपासावा. मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावाचून झाकणास हात लावू नये.

गळती मंद असली म्हणजे जमिनीवर थेंब दिसत नाही. तापलेल्या लोखंडावर पडताच पाणी सुकते आणि मागे पांढुरका, तांबूस किंवा कूलंटच्या रंगाचा डाग तेवढा राहतो. म्हणून इंजिन धुऊन, पुसून कोरडे करावे व रात्रभर त्याखाली जुना पुठ्ठा अंथरावा. काही सांधे गार झाल्यावरच गळतात, कारण रबर व पट्टे आकसतात. पाणी ओघळत दूर जाऊन ठिबकते, हे ध्यानात ठेवून सर्वांत वरची ओली जागा शोधावी. नळ्यांची टोके, रेडिएटरच्या खालच्या टाकीचा सांधा आणि पाण्याचा पंप या जागा विशेष पाहाव्यात. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोक असते. तेथून पाणी ठिबकू लागले की आतील सील गेले असे समजावे. ते भोक बुजविणे म्हणजे पाण्याला बेअरिंगची वाट दाखविणे होय.

एवढ्याने उलगडा न झाल्यास रेडिएटरच्या तोंडावर बसणारा, घड्याळ असलेला हातपंप उपयोगी पडतो. थंड इंजिनात झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब द्यावा आणि १० ते १५ मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला, परंतु बाहेर कोठेही ओल नाही, तर गळती आत आहे. ही गोष्ट गंभीर होय. हेड गॅस्केट किंवा लायनरखालच्या रबरी कड्या गेल्या म्हणजे पाणी ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पातळी वाढलेली किंवा ते दुधाळ झालेले दिसल्यास इंजिन सुरूच करू नये, फिटरला बोलवावे.

हळद टाकून गळती थांबविण्याचा उपाय ट्रकचालकांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. रानातून घरापर्यंत येण्यास तो चालेलही. परंतु जो गाळ छिद्र बुजवितो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवितो. रोज ओतल्या जाणाऱ्या बोअरच्या पाण्याचेही तसेच. त्यातील क्षार इंजिनाच्या आत थरावर थर चढवितात. शिवाय पातळी फार उतरली म्हणजे तापमानाचा काटा पुष्कळदा खरी उष्णता दाखवीत नाही, आणि चालक निर्धास्त राहतो. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. ते गोडसर पण विषारी असते व जनावरे ते पितात.

असा हातपंप प्रत्येक शेतकऱ्याने विकत घेण्याचे कारण नाही. गावात अवजारे भाड्याने देणारा गट असेल तर त्याने एक ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाण्यांची उगवणशक्ती तपासण्याच्या बैठकीतच, मे महिन्यात, गावातील एका जुन्या ट्रॅक्टरवर ही तपासणी करून दाखवावी. पेरणीस तेव्हा अवकाश असतो आणि फिटरही मोकळा सापडतो.