डाउनलोड केलंत, पण वाचलंत का?

आपल्या पिढीचा नवा छंद कोणता? पीडीएफ जमवणं! ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'दोनशे मराठी पुस्तकं' टाकतं, आपण अंगठा दाखवतो, फाइल सेव्ह करतो आणि... विषय संपला. फोनची मेमरी फुल्ल, डोक्याची तशीच रिकामी.

म्हणून या आठवड्यात दोनशे नाही, फक्त पाच. इतिहास, आठवणी आणि साहित्य असं छान मिक्स आहे. पाचही पुस्तकं जुनी, कॉपीराइटमधून मोकळी झालेली आणि लोकलमध्ये उभ्याउभ्याही वाचता येतील अशी.

माझा प्रवास : विष्णुभट गोडसे
पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेत निघाले. साल कोणतं? १८५७! झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा स्वारी शहरातच होती. वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. शाळेतल्या इतिहासात सनावळ्या होत्या. इथे भूक, भीती आणि पळापळ आहे. लिहून झाल्यावर दोन दशकांहून जास्त काळ हे पुस्तक छापलंच गेलं नाही, ते आलं १९०७ मध्ये.

आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी : रमाबाई रानडे
१८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे सुरू झाले. नवरा शिकवतोय आणि घर शिकू देत नाहीये, अशा कात्रीत ही मुलगी वाचत राहिली. पुस्तक १९१० चं आहे, पण जॉइंट फॅमिलीतलं पॉलिटिक्स अगदी आजचं वाटेल.

स्मृतिचित्रे : लक्ष्मीबाई टिळक
कवी नारायण वामन टिळकांची ही पत्नी. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे त्यांनी स्वतः विचार करून, आपल्या वेळेला तोच रस्ता धरला. इतकं सोसूनही लेखनात रडगाणं नाही. उलट, ट्रेनमध्ये हसू आवरत नाही! माझ्या आजीची शाळा चौथीत सुटली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी तिला हे टॅबवर अक्षरं मोठी करून दिलं. दोन दिवस टॅब काही मला परत मिळाला नाही. मग म्हणाली, "अगं, ही तर माझ्यासारखीच बोलते." आजीचं एवढंसं परीक्षण मला पुरेसं आहे.

स्त्री-पुरुष तुलना : ताराबाई शिंदे
बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये लिहिलेलं हे छोटंसं पुस्तक. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली आणि समाज तिच्यावर तुटून पडला. ताराबाईंनी सरळ विचारलं, सगळे दोष बायकांचेच का? भाषा अशी तिखट की आजच्या भल्याभल्यांना झोंबेल. पुस्तक मात्र विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा लोकांना त्याचा पत्ता लागला. मधली नव्वद वर्षं ते जवळजवळ गायबच होतं. स्कॅन केलेल्या फाइलची किंमत इथे कळते.

पण लक्षांत कोण घेतो? : ह. ना. आपटे
ही कादंबरी हरिभाऊंनी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली. म्हणजे वाचक पुढच्या अंकाची वाट बघत बसायचे. आजची वेब सीरिजच की! गोष्ट सांगते यमू. ती विधवा होते आणि तिचं केशवपन जबरदस्तीने केलं जातं. तो भाग रात्री उशिरा वाचू नका, झोप येणार नाही.

यादी पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आलं, यातल्या तिघी बायकांना अक्षर सुखासुखी मिळालेलं नव्हतं. कुणी ते टोमणे खाऊन मिळवलं, कुणी ते वापरून अख्ख्या समाजाला जाब विचारला. आणि आपल्याला? एक क्लिक जड होतो!

मिळणार कुठे?
इंटरनेट अर्काइव्ह आणि मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं शोधा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठानकडे नव्या लेखकांची ई-पुस्तकं मिळतात. स्कॅनची पीडीएफ छोट्या स्क्रीनवर त्रास देते, तेव्हा फोन आडवा धरा. ई-पबमध्ये मिळालं तर उत्तमच, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

एक कडक सूचना
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. पुलं गेले २००० साली, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत मोकळी नाहीत. ग्रुपवर फिरणारी पुलंची पीडीएफ ही 'शेअरिंग' नाही, सरळ चोरी आहे. महिन्याला दोन कॉफी कमी प्या, पुस्तक विकत घ्या.

तर मंडळी, पाचही एकदम डाउनलोड करू नका प्लीज. एकच घ्या आणि संपवा. कोणतं घ्यावं सुचत नसेल तर ताराबाईंचं, छोटं आहे. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सुरू केलंत, तर चहापर्यंत बराच पल्ला गाठाल... आणि चहावर भांडायला घरच्यांना विषयही मिळेल!