बेणणीचा प्रश्न आणि वसईची भातजमीन

वसईहून सकाळच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराला, तालुक्याच्या पूर्व भागात पारोळ, भाताणे, मेढे, उसगाव या गावांतून अद्याप भात पिकते, याची आठवण बहुधा नवा तांदूळ बाजारात आल्यावरच होते. आवणी उरकली की शेतकरी मोकळा झाला, अशीही एक समजूत आहे. वस्तुतः खरी कसोटी तेथूनच सुरू होते. पुढच्या महिना-दीड महिन्यात शेत बेणले गेले नाही, तर लव्हाळा, माका आणि भाताच्या रोपासारखेच दिसणारे गवत खताचा पहिला घास घेते; भाताच्या वाट्याला उरलेसुरले येते.

उत्तर कोकणातील शेतीची निम्मी रीत या तणाच्या धास्तीनेच घडली आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून रोपवाटिकेची जमीन भाजावयाची, हा राब. त्या आगीत तणाचे बी जळते. त्यासाठी जंगलतोड होते म्हणून इंग्रज सरकारने निर्बंध घातले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये वनआयोग नेमावा लागला. राबाच्या जोडीला चिखलणी. चिखलावर पाणी उभे राहिले की हवेअभावी बरेचसे तण रुजत नाही. परंतु वर्षानुवर्षे चिखल तुडविल्याने मातीची कणीदार घडण मोडते, खाली घट्ट थर बसतो, आणि भात निघाल्यावर जमीन भेगाळून वालाचे पीक ओलीला मुकते. तण आवरण्याची किंमत माती देत आली आहे.

दुसरी किंमत दिली ती बेणणाऱ्या हातांनी. हे हात बहुतांशी आदिवासी स्त्रियांचे. आज ते कारखान्यांत, इमारतींच्या बांधकामांवर आणि शहरातील घरकामात गुंतले आहेत. त्यांनी तेथे का जाऊ नये? ‘मजूर मिळत नाही’ या तक्रारीत ‘पूर्वीच्या मजुरीत’ हे दोन शब्द बहुधा गाळलेले असतात. मजूर नाही म्हणून शेतकरी तणनाशकाच्या बाटलीकडे वळतो, आणि दुकानदार हाच त्याचा कृषितज्ज्ञ होतो.

कर्जत तालुक्यात नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी याच पेचातून वेगळी वाट काढली. त्यांच्या सगुणा पद्धतीत नांगरणी, चिखलणी व आवणी तिन्ही नाहीत. कायम गादीवाफ्यांवर टोकण करावयाची आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. त्यामुळे गांडुळे वाढतात, सेंद्रिय कर्ब टिकतो आणि खोलवरचे तणाचे बी वर येत नाही. मातीच्या दृष्टीने हा मार्ग आम्हांस चिखलणीपेक्षा निःसंशय श्रेयस्कर वाटतो. मात्र त्यात मागील खोडे व तण मारण्यासाठी ग्लायफोसेट वापरले जाते, हे झाकून ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेस हा निष्कर्ष मान्य नाही. हा वाद मिटलेला नसताना ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हे औषध केवळ पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फतच वापरावे असा आदेश काढला. झुरळे आणि वाळवी मारणारा हा गृहस्थ विरारच्या इमारतींत भेटतो; भाताण्याच्या बांधावर त्याला कोणी न्यावयाचे?

एकाच औषधावर विसंबण्याचा धडा हरयाणाने दिलाच आहे. तेथे गव्हातील गुल्लीदंडा या तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन फवारले गेले. १९९० नंतरच्या काही वर्षांतच ते तण त्या औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून तणनाशक हा नव्या पद्धतीतील पहिल्या काही हंगामांचा टेकू मानावा, आधारस्तंभ नव्हे. भातामागे वाल घेऊन जमीन झाकलेली ठेवणे, तण फुलावर येण्यापूर्वी कापणे, दोन ओळींतून हातयंत्र फिरविणे, हे उपाय जुनेच आहेत. ते एकट्या दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याला मात्र परवडत नाहीत.

आणि वसईत हा प्रश्न शेतापुरता राहत नाही. बेणणी परवडत नाही म्हणून जमीन पडीक राहते; तेथील तणाचे बी शेजाऱ्याच्या शेतात उतरते; तोही पुढच्या वर्षी हात टेकतो. पडीक जमिनीवर मातीचा भराव पडण्यास येथे वेळ लागत नाही. भरावाने नाले बुजले की वरच्या शेतात पाणी हवे तेव्हा काढता येत नाही, आणि पाण्यावरचा ताबा गेला की तणावरचाही जातो.

कृषी खात्याने म्हणूनच येत्या खरिपापूर्वी पूर्व वसईतील गावांत बेणणीची यंत्रे सामायिक भाड्याने मिळण्याची सोय करावी, संरक्षक साधनांसह फवारणी करणारी गावचीच प्रशिक्षित तुकडी उभी करावी, आणि नांगरणीविना भाताची प्रात्यक्षिके सरकारी प्रक्षेत्राऐवजी शेतकऱ्याच्या जमिनीवर, नुकसानीची हमी देऊन, किमान तीन हंगाम चालवावीत. नाल्यांवरील भराव काढण्याचे काम महसूल खात्याचे आहे. ते पावसाळ्यापूर्वी व्हावे.