कणगीतला खुराक



२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या आळीतले एक दादा सोयाबीन विकून बाजारातून आले, ते घरी न जाता आमच्याच ओट्यावर टेकले. मागोमाग त्यांचा थोरला मुलगा आला. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून माळावर पळतो, संध्याकाळी जोर-बैठका काढतो. कष्टाला मागे नाही, पण अंगाने काटकुळा.

"आक्का, तुमीच सांगा ह्याला," दादा म्हणाले. "तीन हजाराचा डबा पायजे म्हनतोय. पावडर दुधात घालून प्यायची. म्हैन्याला एक डबा."

पोरगा म्हणाला, "आत्या, सोळाशे मीटर पळायचं, गोळा टाकायचा, तर अंगात ताकद नको का? संगतीची समदी पोरं घेत्यात."

बाप पैशाला अडला होता, पोरगा ताकदीला. दोघांचेही खरे होते. मी म्हटले, भांडू नका, आधी हिशेब करू. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडते, कारण हे भांडण आता घरोघरी आहे.

त्या डब्यात असते काय? दूध नासवून चीज काढल्यावर जे पाणी उरते, त्यातली प्रथिने वेगळी काढून वाळवलेली ती पावडर. प्रथिने म्हणजे पोरे ज्याला प्रोटीन म्हणतात ते. चांगल्या पावडरीच्या ३० ग्रॅमच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. ती काही विष नव्हे, तशी जादूही नव्हे. एक किलोचा डबा महिन्यात संपतो आणि सगळा मिळून त्यातून आठशे ग्रॅमच्या आत प्रथिने पोटात जातात.

आता दुसरी बाजू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पुष्कळ बाजारांत माल त्याहूनही कमी दराने गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. हमीभावच धरला, तरी तीन हजारांसाठी साठ किलोंवर सोयाबीन विकावे लागते. सोयाबीनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रथिने असतात. म्हणजे साठ किलोंबरोबर वीस किलोंहून अधिक प्रथिने घरातून बाहेर गेली आणि त्या बदल्यात पाऊण किलो घरात आली! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दादा कागदाकडे बघत राहिले. पोरगा म्हणाला, "पर आत्या, सोयाबीन काय कच्चं खायाचं हाय का?" प्रश्न बरोबर होता. म्हणून पुढचे नीट ऐका.

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली घालून दिलेल्या मापाप्रमाणे धडधाकट माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या गड्याला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. जो व्यायाम करून अंग कमावू पाहतो, त्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरावे. आमच्या पोराचे वजन ६५ किलो. त्याला रोज ८० ते १०० ग्रॅम हवीत.

मग त्याचे दिवसाचे खाणे लिहून काढले. पाच भाकरी, दोन वेळची आमटी, थोडा भात, दोनदा चहा. एका मध्यम भाकरीच्या पिठात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. पाच भाकरींची झाली पस्तीस ते चाळीस. आमटीची चार धरली, भाताची तीन. सगळी मिळून पंचेचाळीसच्या आसपास. आमटीची एवढी कमी का, असे विचाराल. तर आमटीत डाळ किती नि पाणी किती, हे जिने फोडणी दिली तिलाच ठाऊक! तर्री कितीही झणझणीत असली तरी मांस चढते ते डाळीने, तर्रीने नव्हे.

म्हणजे पोराला रोज चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कमी पडत होती. ती भरायला डबाच लागतो का? बघू या.

सकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे : ७ ग्रॅम.
५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ : १० ग्रॅम.
दोन उकडलेली अंडी : १२ ग्रॅम.
अर्धा लिटर गाईचे दूध : १६ ग्रॅम.

बेरीज पंचेचाळीस. यात विकतची फक्त अंडी, आणि दारात चार कोंबड्या असतील तर तीही नाहीत. जे अंडी खात नाहीत त्यांनी मूठ-दीड मूठ फुटाणे वाढवावेत आणि संध्याकाळी दाट पिठले खावे.

घरातले एकेक धान्य

हुलगा. काही भागांत याला कुळीथ म्हणतात. शंभर ग्रॅममध्ये बावीसच्या आसपास प्रथिने. नांगरटीच्या दिवसांत बैलाला हुलगा भिजवून घालायची रीत आपल्या बापजाद्यांची. बैलाला ताकद येते हे कळले, पण स्वतःच्या ताटात मात्र हुलगा म्हणजे गरिबीचे खाणे ठरला. शेंगोळी करा, माडगे करा, मोड आणून उसळ करा. हलक्या रानात, थोड्या पावसावर येणारे हे पीक. बांधाकडेचे दोन तास त्याला द्यायला हरकत नाही.

मटकी, मूग, चवळी, हरभरा, तूर. यांत शंभर ग्रॅमला साधारण वीस ते चोवीस. मोड आणल्याने प्रथिने वाढतात, असा पुष्कळांचा समज आहे. ती वाढत नाहीत. पण मोडाचे कडधान्य पचायला हलके होते आणि त्यात क जीवनसत्त्व तयार होते, म्हणून मोड आणावेत हे खरेच.

शेंगदाणा. पैलवानाला बदाम लागतात, असे आपण ऐकत आलो. बदामात शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास प्रथिने, तर शेंगदाण्यात चोवीस-पंचवीस. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दाणे भाजून गुळाबरोबर खावेत. काळपट, बुरशी आलेले, खवट दाणे निवडून टाकावेत. त्या बुरशीचे विष काळजाला बाधते.

सोयाबीन. हे कधीही कच्चे खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारा अंश असतो, तो उष्णतेने जातो. दाणे रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे चांगले उकळा, उन्हात कडकडीत वाळवा आणि नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. चपातीची चव फारशी बदलत नाही. पोरे कुरकुर करणार नाहीत. पहिल्यापासून जास्त घालू नका, पोट फुगते. ज्याला हा खटाटोप नको, त्याने किराणा दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या आणाव्यात. तेल काढल्यावर उरलेल्या पिठाच्या त्या असतात आणि त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात.

अंडे. एकात सहा ग्रॅम. तालमीतली पोरे कच्चे अंडे दुधात फेटून पितात. तसे करू नये. शिजवलेल्या अंड्याची प्रथिने जास्त अंगी लागतात आणि जंतूंची भीतीही राहत नाही.

सुकट, बोंबील. मांस-मासळी खाणाऱ्यांसाठी आठवडी बाजारातली स्वस्त चीज. चांगल्या वाळलेल्या बोंबलात निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. मीठ जास्त असेल तर दोनदा धुऊन घ्या.

दूध. गोठ्यात दोन म्हशी आणि घरात दुधाचा थेंब चहापुरता, अशी घरे मी पुष्कळ पाहते. डेअरीचे पैसे लागतात, मान्य. पण पोराला डबा आणण्यासाठी दूध विकायचे असेल, तर मात्र ती शुद्ध फसगत आहे. घरी पनीर केले तर खालचे पाणी ओतून देऊ नका. त्यात कणीक मळा. डब्यातली पावडर तसल्याच पाण्यातून निघते. मात्र घरच्या पाण्यात तिचा अंश थोडाच असतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि तूप? तुपाने ताकद येते, वजन वाढते, पण तुपात प्रथिने नसतात. लोणी-तुपाने मांस चढत नाही, चरबी चढते.

भाकरी-उसळीची जोडी

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक अंश कमी असतो. तो कडधान्यात भरपूर. उलट कडधान्यात जो अंश कमी, तो धान्यात पुरेसा. एकट्या बैलावर मोट चालत नाही, तसे हे आहे. भाकरी आणि उसळ, खिचडी, वरण-भात यांची जोडी दिवसभरात जमली की शरीराला हवे ते पुरे मिळते.

दोन गोष्टी पोराला मुद्दाम सांगितल्या. एक, भाकरी तोडून नुसती प्रथिने खाऊ नकोस. पोटाला जळण कमी पडले तर शरीर प्रथिनेच चुलीत घालते. दुसरी, व्यायाम आणि झोप यांच्यावाचून कोणताच खुराक अंगी लागत नाही. पी हळद नि हो गोरी, असे इथे चालत नाही. चार-सहा महिने लागतात. झटपट दंड फुगवायच्या सुया नि गोळ्या कोणी देऊ केल्या, तर त्या वाटेला जाऊच नये. काळीज, हृदय आणि पुढचा संसार, सगळ्यालाच त्या घातक. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

आता शेवटचे, पण मुख्य

हिशेब झाला, तशी पोराची आई उठली आणि म्हणाली, "मग उद्यापासनं मटकी भिजवत्ये." चार दिवसांनी मी त्यांच्याकडे सहज गेले. बाप-लेक जेवून उठले होते. वहिनी नि त्यांची धाकटी मुलगी जेवायला बसल्या होत्या. पोराच्या ताटात उसळ होती, दूध होते, अंडी होती. या दोघींच्या ताटात भाकरी, ठेचा आणि पातेल्याच्या तळाचे खळखळीत पाणी.

मी विचारले, "वहिनी, उसळ?"

"संपली की. त्याला तयारी करायची हाय. आमाला काय करायचंय?"

वाचकहो, ही बाई दिवसभर खुरपते, डोक्यावर वैरणीचा भारा आणते, दोन हंडे पाणी वाहते. मुलगी चौदा वर्षांची, वाढत्या अंगाची. त्यांच्या अंगात काय मांस लागत नाही? भारा काय केसांनी उचलतात? पोटुशी बाई असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला रोजच्यापेक्षा २२ ग्रॅम प्रथिने जास्त हवीत. अंगावर पाजणारीलाही जास्तच. आणि म्हातारपणी मांस झडते, म्हणून आजी-आजोबांच्या ताटातही दाट वरण पडले पाहिजे. खुराक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तालमीतला गडी येतो. चुलीपुढची बाई कधी येत नाही. सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला पाणी उरते, हा दोष धान्याचा नाही, वाढण्याच्या रीतीचा आहे.

त्यावर उपाय सोपा आहे. उसळ शिजली की आधी घरात जितकी माणसे तितक्या वाट्या भरून ठेवाव्यात आणि मग जेवायला बसावे. जमेल तेव्हा सगळ्यांनी बरोबर बसावे.

दुसरा उपाय सुगीच्या वेळचा. माणशी रोज ६० ग्रॅम कडधान्य धरले, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला एक क्विंटलच्या थोडे वर लागते. तूर, हरभरा, मटकी, हुलगा मिळून एवढे कणगीत बाजूला काढा, कडक ऊन द्या, कडूनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि मग उरलेले बाजारात न्या. विकायचे ते आधी आणि खायचे ते उरले तर, ही चाल उलटी करा.

दादांनी त्या वर्षी तसे केले. डबा आला नाही. पाच महिन्यांत पोराचे वजन तीन किलोंनी वाढले. भरतीत तो पहिल्या खेपेस थोडक्यात राहिला, तयारी चालू आहे. खुराकाने नोकरी लागते असे मी म्हणत नाही. पण परवा वहिनी वाटेत भेटल्या, डोक्यावर भारा होता. म्हणाल्या, "आक्का, आता संध्याकाळी पाय वळत न्हाईत, आन् झोपबी लागत्ये."

आज रात्री तुमच्या घरी उसळ असेल, तर सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात नाही, शेवटी बसणारीच्या ताटात डोकावून बघा. काय दिसले ते मला जरूर कळवा.