लपवून ठेवलेली वही



गेल्या दोन महिन्यांत तीन पुस्तके वाचून संपवली. काशीगावातून मीरा रोड स्टेशन आणि तिथून चर्चगेट असा माझा रोजचा प्रवास. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वीस-पंचवीस पाने सहज होतात. तिन्ही पुस्तके आपल्या भगिनींनी लिहिलेली आहेत.

पहिले बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. पुस्तकरूपाने ते १९८६ साली आले. बेबीताई फलटणला छोटे दुकान चालवत. गिऱ्हाईक नसले की लिहीत. लिहिलेले कागद त्यांनी घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. महारवाड्यातली उपासमार त्यांनी लिहिली. सुनेने पळून जाऊ नये म्हणून तिच्या पायात घातलेला लाकडी खोडाही लिहिला. स्वतः नवऱ्याचा खाल्लेला मार मात्र पुस्तकात नाही. तो त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. समाजाचे दुःख आधी, आपले नंतर, असा त्यांचा हिशेब.

दुसरे ऊर्मिलाताई पवार यांचे ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. वडील गेल्यावर त्यांच्या आईने आयदाने विणून लेकरे शिकवली. ऊर्मिलाताई लग्नानंतर नोकरी आणि मुले सांभाळून एम. ए. झाल्या. शिकणारी बायको घरात कशी खुपते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

तिसरे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). ऊर्मिलाताई आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना गाठून त्यांचे बोल टिपून घेतले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्या काळच्या किती जणी काहीच न सांगता गेल्या असतील!

मी कारकून माणूस, म्हणून साधा हिशेब मांडतो. १९५६ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. दीक्षेच्या दिवसांत घरात काय बदलले, देव्हाऱ्याचे काय झाले, हे डोळ्यांनी पाहिलेली आजी आपल्याच खोलीत कोपऱ्यात बसलेली असेल. तिला कोणी विचारले आहे का?

या रविवारी वंदना झाली की शंभर पानी वही काढा. आजीने बोलावे, नातीने लिहावे. तिची भाषा सुधारू नका, ती बोलेल तशीच उतरवा.

आणि पुरुष मंडळींना एक सांगणे. जयंतीला स्त्रीमुक्तीवर भाषण करायचे आणि घरी येताच “चहा टाक” म्हणायचे, हे आता पुरे झाले. घरातली बाई लिहीत बसली असेल तर चूल आपण सांभाळावी. तिची वही तिला कोणापासून लपवावी लागू नये.