पाणपोईकडून बाटलीकडे

तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजात पाण्याचे पैसे घेणे लाजिरवाणे होते. १९६५ च्या सुमारास इटलीहून मुंबईत आलेली ‘बिसलेरी’ प्रारंभी बड्या हॉटेलांपुरतीच होती. आज लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पानापुढे बाटली असते. दोन घोट घेतले की उरलेली उकिरड्यावर जाते.

हे पाणी निर्मळच असते, हा समजही भाबडा. २००३ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लॅस्टिककण आढळले. मग शुद्धतेच्या नावाखाली ग्राहक विकत घेतो तरी काय?

सिक्कीमने २०२२ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राला हे अशक्य का वाटावे? कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्वदेशीवर व्याख्यान रंगलेले आणि व्यासपीठावर बाटल्यांची रांग, हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. तेथे तांब्या-भांडे ठेवण्यास कोणाची अनुमती हवी? वाळा घातलेला माठ आणि चैत्रातील पाणपोई ज्यांना जपता येत नाही, त्यांनी संस्कृतिरक्षणाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?