काळी मोहरी आली की रडू का येतं?

गेल्या रविवारी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. आपल्या खडकीतलाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा हरून बाहेर आला, डोळ्यांत पाणी. वडिलांनी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "काळी आली होती." जणू काळी मोहरी म्हणजे शिक्षाच!

डाव मी पाहिला होता. समोरच्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. याने लगेच राजापुढचं प्यादं फुकट देऊन टाकलं. याला एंग्लंड गॅम्बिट म्हणतात. रील्सवर याची भारी चलती, कारण पांढरा चुकला तर आठव्या चालीत मात. पण तो चुकला नाही. मग काय, प्यादं गेलं आणि डावही गेला.

पालकांना आणि क्लासवाल्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. पोरांना सापळे नंतर शिकवा, आधी एक भक्कम बचाव शिकवा. वजिरापुढच्या प्याद्याला 'क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड' हे जुनं, खात्रीचं उत्तर आहे. आपलंही वजिरापुढचं प्यादं दोन घरं, राजापुढचं एक घर, मग घोडा, उंट बाहेर आणि कॅसलिंग. अडचण एकच. पांढऱ्या घरांवरचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. त्याला कधी आणि कुठून बाहेर काढायचं, हाच खरा अभ्यास. पंधरा चाली घोकून तो होत नाही.

"असं खेळून फक्त बरोबरी होते" म्हणणाऱ्यांनी 11 मे 2010 आठवावा. सोफियात आनंद विरुद्ध टोपालोव, जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव, गुण बरोबरीत. आनंदकडे काळी मोहरी आणि समोर वजिरापुढचं प्यादं. त्याने हाच बचाव निवडला, तोही त्यातला लास्करचा जुना, नीरस समजला जाणारा प्रकार. मोहऱ्यांची शांतपणे मारामारी झाली. जिंकायच्या घाईत टोपालोवने स्वतःचाच राजा उघडा पाडला आणि आनंदने किताब राखला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनेही 2025 च्या महिला विश्वचषकाचा निर्णायक डाव काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला.

सापळ्यांनी लहान गटात पदकं मिळतात, मान्य. क्लासच्या जाहिरातीलाही ती बरी दिसतात. पण समोरच्यानेही तोच व्हिडिओ पाहिला असेल तर पोराकडे पुढे काहीच उरत नाही. असे चार पराभव झाले की पोरगं पट गुंडाळून ठेवतं. नुकसान ते आहे, पदकाचं नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. मोबाईल बाजूला ठेवून पोराला काळ्या मोहऱ्यांनी याच ओपनिंगचे दहा डाव खेळू द्या, समोर तुम्ही बसा. आणि पुढच्या स्पर्धेहून तो घरी आला की "जिंकलास का?" विचारण्याआधी विचारा, "उंट बाहेर काढलास का?"