उजेडावर चालणारा रोबो जळगावच्या उन्हात टिकेल का?

ठिबकची नळी काळीच का असते? कारण प्लास्टिकमध्ये दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी मिसळलेली असते. उन्हातले अतिनील किरण ती शोषून घेते. नाहीतर नळी लवकर तडकते. ठिबक आणि पाइप बनवणाऱ्या जळगावात प्लास्टिकला उजेडापासून वाचवावं लागतं.

प्रयोगशाळांमध्ये मात्र उजेडानेच हलणारं प्लास्टिक तयार होतंय. फिनलंडच्या टॅम्पेरे विद्यापीठाने २०२३ च्या सुरुवातीला असा एक रोबो जगासमोर आणला. वजन फक्त १.२ मिलिग्रॅम. रुईच्या म्हातारीसारखा तो वाऱ्यावर तरंगतो. त्याच्या मऊ पट्टीवर लेझर किंवा एलईडीचा उजेड पडला की आतल्या रेणूंची मांडणी बदलते, पट्टी वाकते आणि केसांचा झुपका उघडतो-मिटतो. मोटर नाही, बॅटरी नाही. पुढेमागे त्याच्याकडून परागीभवन करून घ्यायचा विचार आहे.

मग जळगाव-धुळ्याच्या शेतात तो चालेल?

पहिली अडचण उन्हाची. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा अनेक पट्ट्या उजेडाच्या उष्णतेनेच वाकतात. त्या उन्हाने तापल्या, तर इशारा नसतानाही हलू शकतात.

दुसरी अडचण कचऱ्याची. रोबो नेमका कुठे उतरवायचा, पुन्हा कसा वापरायचा आणि तो मातीत कुजेल असा कसा बनवायचा, हे प्रश्न सुटायचे आहेत, असं संशोधकच सांगतात. मल्चिंग पेपरचे तुकडे वेचणाऱ्या शेतकऱ्याला तर हा प्रश्न आधी पडेल.